गाडीचा ताप आणि त्याचे निदान



वसंतातल्या व्याख्यानमालांना आपण येतो ते संतवाङ्मय, इतिहास, राजकारण, फार तर अर्थकारण ऐकायला. अशा व्यासपीठावरून रेडिएटर आणि पाण्याचा पंप यांच्याविषयी कुणी बोलू लागला, तर वक्त्याने पत्ता चुकवला की काय, अशी शंका एखाद्याला येईल. पण ही परंपरा ज्यांनी पुण्यात १८७५ साली सुरू केली, त्या न्यायमूर्ती रानड्यांनीच १८९० साली औद्योगिक परिषद भरवली होती. यंत्राचा विचार हाही विचारच आहे, असे मानणाऱ्या माणसाची ही परंपरा आहे. तेव्हा आजचा विषय मी निर्धास्तपणे मांडतो. तो विषय असा : गावात शहाण्यासारखी चालणारी मोटार हमरस्त्यावर वेग घेताच तापते, तिचे निदान कसे करावे?

हा विषय आपल्या मुलखाला परका नाही. बेळगाव सोडावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजांनी माळाची जमीन दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. साताऱ्यात धनजीशा कूपरांच्या कारखान्यात आधी नांगर आणि मग डिझेल इंजिने तयार झाली. १९३७ साली हेच कूपर काही महिने मुंबई इलाख्याचे मुख्यमंत्री होते. सांगलीच्या विश्रामबागेत १९४७ पासून अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. ज्या मुलखाने विहिरीवरची इंजिने घडवली आणि ती रात्रंदिवस चालवली, त्या मुलखातल्या माणसाला गाडी तापल्यावर बॉनेट उघडून हताशपणे पाहत उभे राहण्याचे कारण नाही.

विहिरीवरचे जुने इंजिन आठवा. पंपाच्या पाण्यातली एक बारीक धार इंजिनातून फिरवून पाटात सोडलेली असे. शेतकरी येता जाता त्या धारेखाली हात धरी. धार कोमट असली तर ठीक. चटका बसला की तो समजे, कुठेतरी पाणी अडले आहे. थंडाव्याचे सारे शास्त्र त्या धारेत आहे. मोटारीत फरक एवढाच, की तिच्याबरोबर विहीर धावत नाही. तेच पाच-सहा लिटर पाणी तिला पुन्हा पुन्हा वापरावे लागते. इंजिनात तापलेले पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाते, वाऱ्याला उष्णता देऊन निवते आणि पंप ते परत इंजिनात ढकलतो. विल्हेल्म मायबाख यांनी १९००च्या सुमारास मर्सिडीज गाडीसाठी मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला, त्यात आठ हजारांवर बारीक नळ्या होत्या. त्या नळ्यांनी गाडीला वेग दिला, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. कारण जे यंत्र स्वतःचा ताप बाहेर टाकू शकत नाही, ते वेगाने धावू शकत नाही.

आता हा ताप किती असतो, ते पाहू. पेट्रोलमधल्या उष्णतेचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग चाकांकडे जातो, एक तृतीयांश धुराबरोबर निघून जातो आणि एक तृतीयांश पाण्याला मिळतो. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता असते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी लिटरला १५ किलोमीटर देते असे धरा. म्हणजे ती तासाला पावणेसात लिटरच्या आसपास पेट्रोल जाळते, आणि तिच्या पाण्यात सतत सुमारे २० किलोवॅट उष्णता उतरत असते. आपल्या न्हाणीघरातला गिझर २ किलोवॅटचा असतो. तेव्हा पाच-सहा लिटर पाण्यात दहा गिझर एकदम चालू आहेत असे समजा! हीच गाडी जागच्या जागी सुरू ठेवली, तर पाण्याला मिळणारी उष्णता एखाद-दुसऱ्या गिझरइतकीच असते.

वेग दुप्पट झाला म्हणजे ताप दुप्पट होईल, असे आपल्याला वाटते. पण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो तोडण्यासाठी लागणारी शक्ती घनाने वाढते. ५० चा वेग १०० वर नेला, की वारा कापण्यासाठीच आठपट शक्ती लागते. एकूण हिशेबात इतरही खर्च असल्यामुळे उष्णता आठपट होत नाही. पण दुपटीपेक्षा पुष्कळ जास्त होते. या शतकाच्या आरंभी सुवर्ण चतुष्कोन योजनेत पुणे-सातारा-कराड-कोल्हापूर रस्ता चौपदरी झाला, तेव्हापासून हा प्रश्न निराळ्या रूपाने पुढे आला. पूर्वी गाड्या तापत त्या कात्रजला, खंबाटकीला, नाहीतर वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणीच्या घाटात. आता सपाट, सरळ रस्त्यावर, काही चढ नसताना काटा लाल रेघेकडे जातो आणि चालक गोंधळतो.

इथेच निदानाचा पहिला धडा आहे. आपल्या भाषेत ज्वरालाही ताप म्हणतात आणि उष्णतेलाही ताप म्हणतात, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. जुना वैद्य रोग्याच्या अंगाला हात लावण्याआधी विचारी, "ताप केव्हा भरतो?" रोज संध्याकाळी भरतो की एक दिवसाआड? एकांतरा ताप म्हटला की अर्धे निदान झालेच. गाडीलाही हाच प्रश्न विचारायचा. किती तापते, हा प्रश्न नंतरचा. केव्हा तापते, हा पहिला.

गाडी बाजारपेठेत, फाटकापाशी, रांगेत उभी असताना तापत असेल आणि मोकळ्या रस्त्याला लागताच निवत असेल, तर तिला वारा मिळत नाही. तेव्हा पंखा पाहा, पंख्याची मोटार पाहा, त्याचा फ्यूज पाहा. याच्या उलट, गाडी उभी असताना शांत आणि ८०-९० च्या पुढे गेली की तापत असेल, तर पंख्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्या वेगात समोरून येणारा वाराच पंख्याचे काम करत असतो. तिथे एकतर पाणी पुरेसे फिरत नाही, किंवा ते निववण्यासाठी रेडिएटरचा जेवढा पृष्ठभाग हवा तेवढा उरलेला नाही, किंवा इंजिन वाजवीपेक्षा जास्त उष्णता निर्माण करत आहे. घाटातला ताप या दोहोंच्या मधला; तिथे कष्ट जास्त आणि वारा कमी, म्हणून दोन्ही बाजू तपासाव्या लागतात.

एवढा एक प्रश्न विचारला गेला नाही म्हणजे काय होते, ते पाहण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. कऱ्हाडच्या बाजूला एक गृहस्थ वडापची जीप चालवतात. जीप कर्जावर घेतलेली, घर तिच्यावर चालते. खेड्यापाड्यांच्या फेऱ्यांत ती कधी तापत नाही. पण पुण्याचे भाडे मिळाले आणि ती हमरस्त्यावर वेगाने निघाली, की वीस मिनिटांत काटा चढतो. वेग ५० वर आणला की उतरतो. पहिला मिस्त्री म्हणतो, "पंखा कमजोर आहे." पंखा बदलतो. दुसरा म्हणतो, "थर्मोस्टॅट काढूनच टाका, आपल्याकडे थंडी कुठे आहे?" तो निघतो. तिसरा म्हणतो, "गॅस्केट गेले," आणि इंजिनाचे हेड उतरवतो. तिघांपैकी कुणीही अप्रामाणिक नाही. तिघांनाही एकेक कारण ठाऊक आहे आणि प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या कारणावर बोट ठेवले आहे. दरम्यान तीन हप्ते थकले आणि गाडी तापायची ती तापतेच आहे. आता हेच निदान आपण क्रमाने करून पाहू. क्रम असा ठेवायचा, की ज्याला पैसा लागत नाही ते आधी आणि ज्याला फार लागतो ते शेवटी.

प्रथम, गाडी खरोखर तापते आहे का? काट्याकडे जाणारी तार किंवा संवेदक बिघडला तर थंड गाडीचा काटाही लाल रेघेवर जातो. हल्ली दुरून तापमान दाखवणारे बंदुकीच्या आकाराचे साधन स्वस्त झाले आहे, त्याने खात्री करता येते. आपल्या जीपचा काटा वेगाबरोबर चढतो-उतरतो, तेव्हा तो खोटे बोलत नाही.

दुसरे, सकाळी इंजिन गार असताना पाण्याची पातळी. पाणी कमी असेल तर ते गेले कुठे, हे शोधा : होजचे सांधे, पंपाखालचा ओघळ, रेडिएटरच्या कडा. बाहेर थेंब नाही आणि तरी पाणी घटते, तेलाचा रंग दुधाळ झाला आहे, धुराड्यातून सतत पांढरी वाफ येते, पाण्यात बुडबुडे उठतात, अशी लक्षणे असतील तर गॅस्केटचा संशय घ्यावा. एकही लक्षण नसताना हेड उतरवणे म्हणजे पोटात दुखते असे म्हणताच पोट फाडण्यासारखे आहे.

तिसरे, रेडिएटरचे झाकण. याला आपण नुसते झाकण समजतो. वस्तुतः ती एक दाबाची झडप आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते. महाबळेश्वरी, सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर, ते ९५-९६ अंशांनाच उकळू लागते. झाकणाची स्प्रिंग आत वातावरणाइतकाच आणखी दाब राखते, त्यामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. प्रेशर कुकरचेच हे तत्त्व. स्प्रिंग थकली, रबर चिरले, की कष्टाच्या वेळी पाणी लवकर उकळते. झाकण तपासायला पाच मिनिटे लागतात आणि बदलायला फार पैसे लागत नाहीत.

चौथे, रेडिएटरचे बाहेरचे अंग. आपल्याकडे गळिताच्या हंगामात रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जातात, पाचटाचे तूस उडते, धूळ आणि किडे असतातच. हे सगळे जाळीत बसते. वातानुकूलनाची दुसरी जाळी पुढे असेल, तर दोहोंच्या मधे घोंगडीसारखा थर साठतो आणि तो समोरून दिसत नाही. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या बाजूला हलक्या हाताने पाणी मारावे. जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात. जीपची जाळी धुतली, थोडा फरक पडला. रोग गेला नाही.

पाचवे, थर्मोस्टॅट. हा घरच्या पातेल्यात तपासता येतो. दोऱ्याने टांगून पाण्यात सोडा, शेजारी तापमापक ठेवा आणि पाणी तापवा. बहुतेक ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडू लागतात आणि ९५ च्या सुमारास पुरते उघडतात. अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट गावातल्या वेगाला पुरतो, हमरस्त्याला पुरत नाही. पण तो काढून टाकणे हा उपाय नव्हे. तो नसला की इंजिन बराच वेळ गार राहते, इंधन जास्त खाते, झीज वाढते. आणि काही रचनांत तर पाण्याला आडवाट मोकळी मिळून रेडिएटरकडे कमीच पाणी जाते. म्हणून जीपला चांगला थर्मोस्टॅट परत बसवायचा.

सहावे, पाण्याचा प्रवाह. २० किलोवॅट उष्णता वाहून न्यायची आणि रेडिएटरमध्ये पाणी आठेक अंशांनी निवायचे, तर मिनिटाला सुमारे ३६ लिटर पाणी फिरले पाहिजे. म्हणजे गाडीतले सगळे पाणी मिनिटाला सहा वेळा फेरी मारते! पंपाचा पट्टा घसरत असेल, आतल्या पंख्याची पाती गंजून झिजली असतील, तर हा प्रवाह मिळत नाही. बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या तळाचा होज पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. तो मऊ पडला असेल तर इंजिनाचे फेरे वाढताच आत ओढला जाऊन चपटा होतो आणि वेग कमी होताच पुन्हा फुगतो. गाडी थांबवून पाहणाऱ्याला तो निर्दोषच दिसतो. म्हणून गाडी उभी ठेवून, एकाने फेरे वाढवावे आणि दुसऱ्याने, पंखा व पट्ट्यापासून हात दूर ठेवून, होजवर नजर ठेवावी.

आपल्या जीपचा होज असा चपटा होतो. सापडला चोर! नवा होज घातला. दोन महिन्यांनी तोही चपटा होऊ लागला. इथे पुष्कळांचे निदान संपते आणि खरे निदान सुरू होते. होज का चपटा होतो? पंप जेवढे पाणी ओढतो तेवढे रेडिएटरमधून येत नाही म्हणून. ते का येत नाही? इंजिन बंद करून, पंखा आपोआप सुरू होणार नाही याची व्यवस्था करून, कोमट रेडिएटरवर हात फिरवला, तर खालच्या अंगाला गार पट्टे लागतात. त्या नळ्यांतून पाणी वाहतच नाही. त्या आतून बुजल्या आहेत. का बुजल्या?

याचे उत्तर आपल्या घरातल्या तांब्याच्या बंबात आहे. मधे विस्तव, सभोवती पाणी; हे जवळजवळ इंजिनच. बंब दोन-चार वर्षांनी फोडला तर आत पांढरी टणक खपली दिसते. जड पाण्यातले चुन्याचे क्षार तापताच विरघळलेले राहत नाहीत, ते धातूवर बसतात. कृष्णाकाठची कितीतरी जमीन क्षारपड झाली आहे आणि तिथल्या विहिरींचे पाणी जड आहे, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. हा थर उष्णता वाहून नेण्यात लोखंडाच्या मानाने पंचवीस-तीसपट तरी मंद असतो. साखर कारखान्यांत रस आटवण्याच्या भांड्यांच्या नळ्यांवरचे थर ठराविक काळाने गाळप थांबवून काढतात. जो नियम कारखान्याला, तोच जीपला.

आता एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. गाडीत जड पाणी एकदाच भरले आणि ते तसेच राहिले, तर त्यातले क्षार एकदा बसतील आणि तेवढ्यावर थांबेल. पण आपली रीत कोणती? डिकीत विहिरीच्या पाण्याचा कॅन ठेवायचा आणि गाडी तापली की ओतायचे. वाफ होऊन जाते ते शुद्ध पाणी. क्षार मागे राहतात. नव्या लिटराबरोबर नवे क्षार येतात. म्हणजे ज्या पाण्याने आपण आजची वेळ निभावतो, तेच पाणी उद्याचा ताप तयार करते. जीपच्या होजला, पंख्याला, गॅस्केटला दिलेला दोष शेवटी त्या कॅनपाशी येऊन पोचतो. उपाय साधा आहे : रेडिएटर जाणत्या कारागिराकडून आतून साफ करून घ्यावा, फार बुजला असेल तर बदलावा; गळती असेल ती बंद करावी; आणि नंतर क्षाररहित पाणी व कूलंट यांचे उत्पादकाने सांगितलेले मिश्रणच घालावे आणि ठरल्या मुदतीने बदलावे.

एवढे करूनही ताप राहिला तर इंजिन जास्त उष्णता का निर्माण करते, ते पाहावे. ठिणगी उशिरा पडत असेल, हवेच्या मानाने पेट्रोल कमी येत असेल, धुराडे आतून तुंबले असेल, एखादा ब्रेक घासत असेल. थोडे अंतर जाऊन थांबल्यावर एकच चाक इतरांपेक्षा फार गरम लागले, तर ते बोलके लक्षण समजावे.

आपण हे सगळे वैशाखाच्या तोंडावर बोलत आहोत, हेही उचित आहे. रेडिएटर किती उष्णता टाकतो, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. माघात हवा २० अंशांवर आणि पाणी ९० वर, तर फरक ७०. उन्हाळ्यात हवा ४२ वर गेली की तो फरक ४८ वर येतो. म्हणजे रेडिएटरची ताकद जवळजवळ एक तृतीयांशाने घटली. हिवाळ्यात ज्या गाडीने तक्रार केली नाही ती उन्हाळ्यात अचानक बिघडली, असे आपण म्हणतो. ती अचानक बिघडलेली नसते. आतला थर वर्षानुवर्षे वाढत होता. उन्हाळ्याने तो फक्त उघडकीला आणला.

आणि वाटेत काटा चढलाच तर? वातानुकूलन बंद करा, वेग कमी करा, गाडीतला हीटर पुरता सुरू करा. उन्हाळ्यात हा सल्ला चमत्कारिक वाटेल, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. तेवढ्याने काटा उतरला नाही, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. पुढच्या गावापर्यंत नेऊ, हा मोह आवरा. वीस किलोवॅट उष्णता बाहेर पडायची थांबली, तर पाणी आणि धातू मिळून ९० वरून १०० अंशांवर जायला अर्धे-पाऊण मिनिट पुरते. ॲल्युमिनियमचे हेड वाकले की मग खर्च शेकड्यांत राहत नाही. झाकण मात्र गरम असताना कधीही उघडू नका. दाब सुटताच आतले पाणी एकदम उकळून तोंडावर येते. अशा भाजण्याने डोळेही जाऊ शकतात. अर्धा-पाऊण तास थांबा, आणि तापलेल्या इंजिनावर गार पाण्याची बादली ओतू नका, धातू तडकतो.

मित्रहो, माझ्या बोलण्याचे तात्पर्य रेडिएटरपुरते नाही. आपल्याकडे हुशार हातांची कधीच वाण नव्हती. तारेच्या तुकड्याने आणि साबणाच्या वडीने गाडी घरापर्यंत आणणारे मिस्त्री प्रत्येक नाक्यावर आहेत. पण हुशार हात सुटा भाग बदलतात आणि विचारी मन कारणाचे कारण शोधते. या दोघांची गाठ पडली पाहिजे. ती जबाबदारी एकट्या मिस्त्रीची नाही, मालकाचीही आहे. गाडी गॅरेजमध्ये सोडताना "तापते, बघा जरा" एवढेच म्हणून आपण निघून येतो. त्याऐवजी, "गावात नाही, ऐंशीच्या पुढे, वीस मिनिटांनी, वेग कमी केला की उतरते," असे सांगितले, तर चांगल्या मिस्त्रीचे निम्मे काम आपण केलेले असते आणि कच्च्या मिस्त्रीलाही विचार करावा लागतो. त्या एका वाक्याला पैसा पडत नाही. वडापच्या त्या जीपमागे एक घर आहे, मुलांच्या शाळेची फी आहे, कर्जाचा हप्ता आहे. तिचे निदान चुकले तर ते ओझे तिथे जाऊन पडते.

 घरी जाताना डिकीतला तो कॅन मात्र एकदा पाहा, आणि त्यातले पाणी बागेतल्या झाडाला घाला.